हवा धरणारे इंजिन

मराठवाडा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे पाण्याचे टँकर आणि रिकाम्या हंड्यांच्या रांगा उभ्या राहतात. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात बसून आम्ही होडीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे वसईकडील आमच्या आप्तांना हसू येईल. परंतु शहराच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण आहे आणि पैठणला नाथसागर आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जवळपास दहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या भिंतीआड गोदावरी अडली आणि शंभरावर गावांची शिवारे पाण्याखाली गेली. ज्यांच्या वाडवडिलांनी त्या काळ्या मातीत ज्वारी पेरली, त्यांच्यापैकी काहींची मुले आणि नातवंडे आज त्याच शिवारावर, पाण्याच्या पृष्ठभागावरून, जाळी टाकीत फिरतात. खाली नांगरलेली जमीन आणि वर रोहू, कटला, मृगळ आणि चिलापी, असा हा विलक्षण संसार आहे.

या जलाशयाला लोक सागर म्हणतात ते उगीच नव्हे. भरलेला असताना त्याचा फुगवटा पन्नासएक किलोमीटर मागे पसरतो, आणि दुपारी पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे त्यावर अशा लाटा उठतात, की वल्ही मारणाऱ्या माणसाला तीर जवळ येतो आहे की दूर जातो आहे, हेच कळेनासे होते. आमच्या धर्मग्रामातील दोन कुटुंबे आणि त्यांचे शेजारी असलेले एक भोई कुटुंब, अशी तिघे मिळून तेथे एक फायबरची होडी चालवितात. होडी वीस फुटांची आहे, जाळी आठ किलोमीटर आत लागतात, आणि उन्हाळ्यात मासळी तीरावर यायला दोन तास उशीर झाला की व्यापारी भाव पाडतो. दोन वर्षांपूर्वी त्या होडीतील दोघे वाऱ्यात सापडले आणि अख्खी रात्र एका उघड्या पडलेल्या टेकाडाला होडी बांधून बसले. सकाळी ते सुखरूप परतले. पण त्यांच्या बायकांनी त्या दिवशीच ठरविले, की आता होडीला इंजिन हवे.

नव्या इंजिनाचे पैसे नव्हते. महिला बचत गटाने साठ हजार रुपये कर्जाऊ द्यायचे मान्य केले होते, आणि त्या साठ हजारांत जुने इंजिन, ते बसविण्याचा खर्च आणि पहिल्या महिन्याचे इंधन, एवढे सारे बसवायचे होते. अभयारण्याच्या पाण्यात यंत्र चालवायचे असल्याने वनखात्याच्या कार्यालयात रीतसर विचारणा आधी करा, एवढे आम्ही सुचविले आणि त्यांनी तसे केले. त्यानंतर मंडळी इंजिन पाहण्यासाठी आम्हांला सोबत चला म्हणू लागली. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "फादर, तुम्ही समुद्राकडचे. तुम्हांला त्यातलं कळतं. आम्हांला नुसता रंग दिसतो."

समुद्राकडचे आम्ही होतो हे खरे. आमच्या बालपणी वसईच्या किनाऱ्यावरून शिडे जवळजवळ नाहीशी झाली होती आणि बोटींच्या पोटात डिझेल इंजिने धडधडू लागली होती. त्यांतली कित्येक मूळची ट्रकची, जन्मभर घाट चढून मग पाण्यात उतरलेली. पुढे सेमिनरीत विहिरीवर एक हँडलचे इंजिन होते, आणि बागेचे काम पाहणाऱ्या वृद्ध ब्रदरांनी आम्हां विद्यार्थ्यांना ते सुरू करायला शिकविले. लिव्हर उचलून हँडल फिरवायचे, चाकाला गती आली की लिव्हर सोडायची. लिव्हर न उचलता हँडल फिरवू पाहिले, तर अर्ध्या फेऱ्यावर ते अडून बसे आणि हात मागे ढकली. ब्रदर म्हणत, "हे इंजिन अजून हवा धरतं." किर्लोस्कर असो वा कूपर, खेड्यापाड्यांतल्या विहिरींवर इंजिनाची प्रकृती पाहण्याची हीच रीत होती. जे इंजिन हात मागे ढकलीत नाही, ते मेलेले समजावे.

ही हवा धरणे म्हणजे काय, हे समजून घेतल्याखेरीज जुन्या इंजिनाच्या बाजारात पाऊल टाकू नये. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दट्ट्या मारला, तर दोन गोष्टी अनुभवास येतात. हवा अंगठ्याला ढकलते आणि पंपाची नळी गरम होते. इंजिनाचे सारे रहस्य या दोन अनुभवांत आहे. आग्नेय आशियातील लोक फार पूर्वीपासून एका नळीत दट्ट्या जोराने ठोकून आतील कापसासारखा काडीकचरा पेटवीत असत. ठिणगी नाही, काडी नाही, केवळ दाबलेली हवा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हेच तत्त्व यंत्रात आणले. १८९३ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन कसोटीस उतरले. इंधनातील सुमारे २६ टक्के शक्ती त्याने कामास लावून दाखविली. त्या काळची वाफेची यंत्रे याच्या निम्म्यालाही क्वचितच पोहोचत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ऐकायला आवडेल. हाच डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे त्याचे शव समुद्रात मिळाले. ज्याच्या नावाने जगभरच्या बोटी चालतात, त्याला पाण्यानेच नेले.

डिझेल इंजिन हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या हिश्शात कोंबते. ती हवा पाचशे अंशांहूनही अधिक तापते आणि तिच्यात नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळलेले असते. तेथे इतका दाब दिला, तर मिश्रण वेळेआधीच भडकून पिस्टनला हातोड्यासारखे ठोकील. म्हणून होडीच्या मागे लावायची जुनी पेट्रोल इंजिने सात-आठ पटींवर थांबतात आणि पेटविण्याचे काम ठिणगीवर सोपवितात. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालविण्याची इंजिने मोठ्या संख्येने वापरली गेली. रॉकेल त्याहूनही लवकर ठोकते, म्हणून त्यांचा दाब आणखी कमी ठेवलेला असतो. तात्पर्य, इंजिन किती दाबते आणि ते काय पिते हे दोन प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. ज्याने दाब तपासला नाही, त्याला इंधनाचा हिशेब मांडता येणार नाही.

शहरात आम्हांला दोन इंजिने पाहायची होती. पहिले पेट्रोलचे, दोन सिलिंडरचे, पंधरा अश्वशक्तीचे, होडीच्या पाठीमागे अडकविण्याचे. त्याला नुकताच निळा रंग दिलेला होता आणि त्यावर चकचकीत पट्टे चिकटविलेले होते. कुटुंबातील एका मुलाचे मन त्यावर जडले होते. अशा होडीचा व्हिडिओ त्याने मोबाइलवर पाहिला होता. ती पाण्यावरून उडत होती. किंमत सांगितली पंचावन्न हजार. दुसरे इंजिन डिझेलचे, एका सिलिंडरचे, तीनचाकी रिक्षातून उतरविलेले, साडेसात अश्वशक्तीचे, तेलाने माखलेले. त्याची किंमत अठ्ठावीस हजार, पण त्याला लांब दांडा, पंखा आणि बैठक वेगळी बनवून घ्यावी लागणार होती. या शहराला तीनचाकीच्या इंजिनाचे कौतुक नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या बनत आल्या, त्यांच्या मागोमाग सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्यासोबत इंजिन जाणणाऱ्या कारागिरांची एक पिढीच येथे तयार झाली. त्यांपैकीच एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही सोबत घेतले. निळ्या इंजिनाभोवती घुटमळणाऱ्या मुलाकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "बेटा, रंग नक्को देखो, दम देखो."

मिस्त्रींनी प्रथम निळे इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभे केले. अशी इंजिने पाण्यानेच थंड राहतात. ती कोरडी चालविली तर आतल्या पाण्याच्या पंपाची रबरी पाती काही क्षणांत जळते. दहा मिनिटे चालवून इंजिन गरम झाल्यावर त्यांनी ते बंद केले, दोन्ही प्लग काढले, प्लगच्या तारा इंजिनाच्या अंगाला टेकवून बांधल्या, म्हणजे भलतीकडे ठिणगी पडू नये. मग एका प्लगच्या भोकात दाबमापक घट्ट बसविला, मुलाला थ्रॉटल पूर्ण उघडून धरायला सांगितले आणि दोरी जोराने सहा वेळा ओढली. थ्रॉटल मिटलेली राहिली, तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि चांगले इंजिनही दुबळे दिसते. दोरी ढिलाईने ओढली तरी तेच. काटा चढत जाऊन चौरस इंचाला ११० पौंडांवर थांबला. दुसऱ्या सिलिंडरचा काटा मात्र ७८ च्या पुढे सरकेना.

येथे एक बारकावा वाचकांनी ध्यानात घ्यावा. समुद्रकिनाऱ्यावरचा आकडा आणि आमच्याकडचा आकडा सारखा नसतो. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि येथील हवाच सहा-सात टक्के विरळ आहे. जे इंजिन वसईच्या धक्क्यावर १२० दाखवील, ते येथे ११२ च्या आसपास दाखवील, आणि तो त्याचा दोष नव्हे. त्यामुळे पहिल्या सिलिंडरचे ११० पाहून घाबरण्याचे कारण नव्हते. घाबरायचे ते दोन सिलिंडरांमधील फरकाला. दहा टक्क्यांचा फरक चालतो, पंधरा टक्क्यांपर्यंत मिस्त्री मान हलवितात. येथे तो जवळजवळ तीस टक्क्यांचा होता. उंचीने हवा विरळ होते ती दोन्ही सिलिंडरांना सारखीच. एकच सिलिंडर मागे पडत असेल, तर दोष त्या सिलिंडरात असतो.

दोष कोठे, हे शोधण्याची युक्ती साधी आहे. मिस्त्रींनी दुबळ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडले, दोरी एक-दोनदा हळू ओढून ते आत पसरविले आणि पुन्हा मोजले. काटा १०० वर गेला. ऑइलने पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट तेवढ्यापुरती बुजविली होती. म्हणजे झीज तेथेच होती. ऑइल टाकूनही आकडा हलला नसता, तर गळती वरच्या बाजूला, म्हणजे हेडच्या गॅसकेटमध्ये शोधावी लागली असती. मग त्यांनी त्या सिलिंडरचा प्लग भिंगाखाली धरला. त्याच्या पांढुरक्या टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटले होते. हे कण पिस्टनचे. अशा इंजिनात वंगण वेगळे नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच त्याला वंगण पुरविते. कोणीतरी ऑइल वाचविले होते किंवा इंजिन पेट्रोल कमी आणि हवा अधिक अशा मिश्रणावर तापवीत ठेवले होते. आता बोअर वाढवून नवे पिस्टन घालण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तो खर्च बचत गटाच्या ऐपतीबाहेरचा होता. वर रंग मात्र नवा होता.

मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "पण फादर, सुरू तर पहिल्या दोरीला झालं ना?" झाले होते, हे खरे. गरम असताना आणि पिंपात कसला भार नसताना पुष्कळ आजारी इंजिने सुरू होतात. आम्ही त्याला इतकेच विचारले, की वारा सुटलेला, होडीत दोनशे किलो मासळी आणि जाळी, तीर पाच किलोमीटर दूर, अशा वेळी या ७८ च्या आकड्यावर तू बापाला बसवशील काय? त्याने उत्तर दिले नाही. पण त्यानंतर दाबमापक तो स्वतः हाती धरू लागला.

हे इंजिन निरोगी असते, तरीही आम्ही त्याविषयी साशंक राहिलो असतो, आणि त्याचे कारण इंधन. दोन स्ट्रोकचे जुने पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीसाठी तासाला चाळीस ते पंचेचाळीस शतांश लिटर पेट्रोल मागते. पूर्ण जोरात पंधरा अश्वशक्ती म्हणजे तासाला सहा लिटरांहून अधिक, शिवाय पन्नासास एक या प्रमाणात ऑइल. त्यात आजचे पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यामागे आयात कमी करण्याचा आणि ऊस, मक्याला बाजार मिळवून देण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी घडविलेल्या नव्या गाड्यांना ते मानवते. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंजिनातील रबरी नळ्या आणि पडदे त्यासाठी बनलेले नसतात. ते फुगतात आणि तडकतात. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. होडीच्या टाकीत ती ओल साचत गेली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिन नेमके तेच आधी ओढते. असे इंजिन घेणारच असाल, तर नळ्या बदलून घ्या, पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका आणि ऑइलचे माप डोळ्यांनी नव्हे, मापाने घाला.

त्याहून मोठा प्रश्न असा, की या होडीला पंधरा अश्वशक्ती हव्या होत्या काय? भरलेली जड होडी पाणी कापीत चालते तेव्हा तिच्यापुढे एक लाट उभी राहते, आणि विशिष्ट वेगानंतर होडी जणू त्या लाटेचा चढ चढू लागते. तेथून पुढे इंजिन दुप्पट इंधन खाते आणि वेग जेमतेम वाढतो. हा वेग काढण्याची रीत बोटी बांधणाऱ्यांस ठाऊक असते: पाण्यास टेकलेली होडीची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास अडीचने गुणावे. आमची होडी अठरा फूट पाण्यास टेकते. अठराचे वर्गमूळ सव्वाचारच्या जवळपास. अडीचने गुणले, की तासाला साडेदहा किलोमीटर. त्याच्या थोडे आत, नऊ किलोमीटरने चालावे, म्हणजे झाले. त्याला चार-पाच अश्वशक्ती पुरतात. धडधाकट माणूस तासन् तास वल्हवीत राहिला, तर अश्वशक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा देऊ शकतो. म्हणजे पाच अश्वशक्ती हे पन्नास वल्हेकरी झाले. व्हिडिओतील होडी उडत होती, कारण तिच्यात मासळी नव्हती.

मग मिस्त्री डिझेलच्या इंजिनाकडे वळले. नोझल काढून त्या भोकात त्यांनी डिझेलचा वेगळा, मोठ्या आकड्यांचा दाबमापक बसविला. पेट्रोलचा दाबमापक येथे लावू नये, तो फुटतो. डिझेलचा पुरवठा बंद करून स्टार्टरने इंजिन फिरविले. आकडा आला ३१०. अशा इंजिनात साडेतीनशेच्या वर आकडा असला तर मन निश्चिंत होते. प्रत्येक बनावटीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. ३१० म्हणजे इंजिन मेलेले नाही, पण थंड पहाटे ते सुरू व्हायला कुरकुरेल. मिस्त्रींनी अगदी थोडे ऑइल टाकून पुन्हा पाहिले. डिझेलमध्ये ते बेताचेच टाकावे लागते, कारण वरची जागा इतकी अरुंद असते, की जास्त ऑइल झाले तर पिस्टन त्यावर आदळून दांडा वाकतो. आकडा जवळपास तेथेच राहिला. म्हणजे रिंगा ठीक होत्या.

आता जे त्यांनी केले ते पाहण्यासारखे होते. शेजारच्या टायरवाल्याकडून हवेची नळी आणून त्यांनी पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवला, चाक हलू नये म्हणून अडकविले, नोझलच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवा सोडली आणि सर्वांना गप्प राहण्यास सांगितले. प्रथम ते ऑइलच्या झाकणाशी वाकले. तेथे फुसफुस ऐकू आली असती, तर दोष रिंगांचा. मग हवेच्या फिल्टरशी. तेथे आली असती, तर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा. शेवटी त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला आणि मुलाला बोलावून त्याचाही कान लावविला. आतून बारीक शिटीसारखा आवाज येत होता. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसत नव्हता. हा दुखणाईत भाग घासून बसविता येतो. त्याला ग्राइंडिंग म्हणतात आणि त्याचा खर्च हजारांत असला, तरी दहा हजारांत नसतो.

आम्ही विक्रेत्याला स्पष्ट सांगितले, की व्हॉल्व्ह बसवून दे, आकडा साडेतीनशेच्या वर दाखव, आणि एक दिवस इंजिन होडीवर चालवून पाहू दे. मग तू मागितलेले अठ्ठावीस हजार घासाघीस न करता मिळतील. तो आधी रागावला. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे त्याने विचारले. मावशींनी त्याला शांतपणे उत्तर दिले, "विश्वास आहे म्हणून तर तुझ्याच दारात उभं आहोत. पण हे पैसे एकवीस बायांचे आहेत. मला त्यांना आकडा सांगावा लागतो." त्यावर तो काही बोलला नाही. चार दिवसांनी त्याने बोलावणे धाडले. काटा ३८५ वर थांबला.

उरला इंधनाचा हिशेब. इंजिन जमिनीवर कितीही वेळ चालविले, तरी ते किती पिते हे कळत नाही, कारण पंख्याला पाण्याचा भार लागलेला नसतो. म्हणून दांडा आणि पंखा जोडून ते नाथसागरावर नेले, होडीत माणसे आणि वाळूची पोती भरली, आणि टाकीऐवजी खुणा केलेली एक लिटरची बाटली टांगली. नऊ किलोमीटरच्या वेगाने ती बाटली पन्नास मिनिटांत संपली. म्हणजे तासाला एक लिटर आणि दोन शतांश नव्हे, पुरते एक लिटर दोनशे मिलिलिटर. पाच अश्वशक्तीच्या आसपास काम करणाऱ्या डिझेल इंजिनाने एवढेच प्यावे. दर अश्वशक्तीला तासाला लिटरचा पाचवा ते चौथा हिस्सा. धूर सुरुवातीस किंचित पांढरा होता आणि मग दिसेनासा झाला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आणि गरम झाल्यावरही पांढराच राहणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरते आहे. हे तीन रंग प्रत्येक खरेदीदाराने पाठ करावेत. इंजिनाच्या अंगावरचा रंग विक्रेता देतो, धुराचा रंग त्याला देता येत नाही.

जाणे, जाळी ओढताना मंदगतीने फिरणे आणि परतणे, मिळून तीन तास. म्हणजे साडेतीन लिटरांच्या जवळपास. परंतु तेवढेच घेऊन निघू नये. दर्यावर्दी लोकांचा जुना नियम आहे: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश वाऱ्यासाठी. त्या नियमाने साडेपाच लिटरांचा कॅन ठरला. मावशींनी तो आकडा वहीत लिहिला आणि दररोज उरलेले डिझेल मोजून लिहिण्याचे काम त्या मुलावर सोपविले. हे केवळ काटकसरीसाठी नव्हते. एकाच वाटेला, एकाच ओझ्याला इंजिन रोज थोडे थोडे अधिक पिऊ लागले, तर त्याचा दाब उतरू लागला आहे, किंवा नोझल खराब झाले आहे, किंवा पंख्यात जाळे गुंतले आहे, हे ती वही दाबमापकाच्या आधी सांगते.

ही काळजी कोणाला अतिरेकी वाटेल, त्याने गोदाकाठचे पूर आठवावेत. २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणातून सोडलेले पाणी पैठण शहरात शिरले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्यांनी पुन्हा गावे वेढली आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. अशा दिवशी एरवी मासळीसाठी असलेली होडीही माणसांसाठी लागते. वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेले, कधी कोणी न तपासलेले इंजिन त्या दिवशी दोरी ओढताच सुरू होईल, या भरवशावर कोणत्याही गावाने राहू नये. ज्या गावांत, संस्थांत किंवा पंचायतींत अशी इंजिने आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा प्लग किंवा नोझल काढून आकडा पाहावा, जुने पेट्रोल फेकून द्यावे आणि तो आकडा तारखेसह भिंतीवर लिहून ठेवावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

गरिबाच्या घरी बहुतेक वस्तू दुसऱ्याच्या हातून आलेल्या असतात. शिलाई मशीन, मोटारसायकल, पाण्याचा पंप. श्रीमंताला फसवणूक परवडते, तो दुसरी वस्तू आणतो. गरिबाची एक चुकीची खरेदी तीन वर्षांचे हप्ते होऊन बसते, आणि पाण्यावर असेल तर याहूनही महाग पडते. म्हणून आम्हांला असे वाटते, की तपासणे हा विक्रेत्याचा अपमान नव्हे. प्रामाणिक विक्रेत्याला त्याच्या वस्तूची खरी किंमत त्यानेच मिळते, जशी या विक्रेत्याला मिळाली. दाबमापक थोड्या पैशांत मिळतो. तीन-चार गावांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. मावशींनी गटाच्या पैशांतून तो घेतला आहे, आणि भोई वस्तीतील दोन जुन्या इंजिनांना लावून पाहण्यासाठी तो गेल्या महिन्यात त्या मुलाबरोबरच पलीकडच्या काठावर गेला.